संमिश्र मूलके असलेल्या संयुगांची सूत्रे
दोन किंवा अधिक अणू सहसंयुजी बंधांनी जोडले जाऊन तयार झालेला व एकूण विद्युत् भार धारण करणारा जो अणुगट अनेक रासायनिक विक्रियांत एका घटकासारखा वागतो, त्याला संमिश्र मूलक अथवा बहुअणवीय आयन म्हणतात. सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, फॉस्फेट, हायड्रॉक्साइड व अमोनियम ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. तुरटी, मोरचूद, सोरा, चुनखडी, धुण्याचा सोडा, फिरवलेला चुना अशा व्यवहारातील कितीतरी पदार्थांत ही मूलके असतात. अशा संयुगाचे सूत्र कोणते अणू किती आहेत एवढेच सांगत नाही; त्यांपैकी कोणते अणू एकत्र राहतात, हेही ते सांगते. सूत्रातील कंसाचे प्रयोजन हेच आहे. संयुजांचा मेळ घालणे हा सूत्रलेखनाचा सोपा भाग असून कंसात काय घालावयाचे हे ठरविणे हा कठीण भाग होय. त्याचे निर्णायक उत्तर मिळण्यास रसायनशास्त्राला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

या नोंदीत मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय चिन्हे उच्चारानुसार नागरी लिपीत दिली आहेत (उदा., सोडियम–एनए, कॅल्शियम–सीए, पारा–एचजी, लोह–एफई, पोटॅशियम–के, शिसे–पीबी). अणूंची संख्या दाखविणारे अंक प्रत्यक्षात चिन्हाच्या उजवीकडे किंचित खाली व लहान आकारात लिहितात. येथे ते ओळीतच छापले आहेत. रोमन लिपीत चिन्हाचे पहिले अक्षर मोठे व दुसरे लहान असते. त्यामुळे कोबाल्टाचे चिन्ह व कार्बन मोनॉक्साइडाचे सूत्र यांत जो भेद स्पष्ट दिसतो, तो नागरीत केवळ संदर्भावरून कळतो.

मूलकावरील भार : सल्फेट मूलकात एक गंधकाचा व चार ऑक्सिजनाचे अणू असून त्यावरील भार उणे दोन आहे. हा भार कोणा एका अणूवर नसून संपूर्ण गटावर असतो. गंधकाचा ऑक्सिडीभवन अंक अधिक सहा व प्रत्येक ऑक्सिजनाचा उणे दोन धरल्यास सहा वजा आठ म्हणजे उणे दोन हे उत्तर मिळते. याच रीतीने नायट्रेटावर (एनओ३) उणे एक, कार्बोनेटावर (सीओ३) उणे दोन व फॉस्फेटावर (पीओ४) उणे तीन भार येतो. अमोनियम (एनएच४) हे अधिक एक भाराचे धन मूलक आहे. नेहमीच्या संयुगांत आढळणारी धन संमिश्र मूलके थोडी असल्यामुळे त्याचे महत्त्व विशेष आहे.

मूलकाच्या घटनेवरून त्याचा भार दरवेळी कळतोच असे नाही. एक मँगॅनीज व चार ऑक्सिजन यांचा गट उणे एक भाराचा असल्यास तो परमँगॅनेट होय. त्याचे पोटॅशियम लवण (केएमएनओ४) जांभळे असते. तोच गट उणे दोन भाराचा असल्यास त्याला मँगॅनेट म्हणतात व त्याचे पोटॅशियम लवण (के२एमएनओ४) हिरवे असते. अणुगटाची मांडणी तीच असून एका इलेक्ट्रॉनाच्या फरकाने रंग, स्थैर्य व सूत्र ही तिन्ही बदलतात.

सूत्रलेखन : स्फटिकात धन व ऋण आयनांची संख्या अशी असते की, एकूण भार शून्य होतो. सूत्रात धन आयन प्रथम व ऋण आयन नंतर लिहितात आणि त्यांच्या संख्यांचे लघुतम गुणोत्तर देतात. एकच संमिश्र मूलक असल्यास कंस घालीत नाहीत. एकाहून अधिक असल्यास मूलक कंसात घालून संख्या कंसाबाहेर लिहितात. उदा., ॲल्युमिनियमाचा भार अधिक तीन व सल्फेटाचा उणे दोन. दोन ॲल्युमिनियम आयनांचा अधिक सहा भार तीन सल्फेटांच्या उणे सहा भाराने नाहीसा होतो. म्हणून ॲल्युमिनियम सल्फेटाचे सूत्र एएल२(एसओ४)३ असे येते. येथे कंस वगळला, तर चार व तीन हे अंक शेजारी येऊन त्रेचाळीस ऑक्सिजन अणू असल्याचा विपरीत अर्थ निघेल.

शालेय पुस्तकांत संयुजांचे अंक तिरके उलटून लिहिण्याची युक्ती सांगितली जाते. ती सोयीची आहे, पण तो नियम नव्हे. तिने कॅल्शियम सल्फेटाचे सूत्र सीए२(एसओ४)२ असे येते व ते दोनने भागून सीएएसओ४ करावे लागते. दोनापेक्षा जास्त प्रकारचे आयन असतील, तेथे ती युक्ती निरुपयोगी ठरते. तुरटीचे उदाहरण घेता येईल. नेहमीच्या तुरटीत पोटॅशियम (अधिक एक) व ॲल्युमिनियम (अधिक तीन) हे दोन धन आयन असतात. त्यांचा मिळून अधिक चार भार दोन सल्फेटांनी नाहीसा होतो. सूत्र केएएल(एसओ४)२·१२एच२ओ असे आहे. बिंदूनंतरचा भाग स्फटिकजलाचा. तुरटीच्या वजनाचा सु. ४५·६ टक्के भाग पाण्याचाच असतो. म्हणून तुरटी तापविली की प्रथम आपल्याच पाण्यात विरघळते, मग फुलते व शेवटी पांढरी ठिसूळ लाही उरते. पाणी शुद्ध करण्यासाठी तुरटी किती टाकावी याचे गणित करताना हे बारा रेणू विसरून चालत नाही.

कंसाची चूक वजनातही उतरते. फिरवलेल्या चुन्याचे सूत्र सीए(ओएच)२ असून सूत्रभार सु. ७४·१ येतो. कंस गाळून सीएओएच२ असे लिहिल्यास एक ऑक्सिजन नाहीसा होतो व भार ५८·१ भरतो. अमोनियम सल्फेट या खताचे सूत्र (एनएच४)२एसओ४ आहे व त्यावरून नायट्रोजनाचे प्रमाण सु. २१ टक्के येते. अमोनियम एकच धरून सूत्र लिहिले, तर हेच प्रमाण सु. १२ टक्के निघेल आणि शेतात टाकावयाच्या खताचा हिशेब जवळजवळ दुपटीने चुकेल.

नावांचा भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे. ‘एट’ या प्रत्ययापेक्षा ‘आइट’ या प्रत्ययाच्या मूलकात ऑक्सिजन कमी असतो (सल्फेट–सल्फाइट, नायट्रेट–नायट्राइट), मात्र भार तोच राहतो. पण ऑक्सिजनाची नेमकी संख्या प्रत्ययावरून कळत नाही. सल्फेटात चार, नायट्रेटात तीन आणि क्लोरेटातही तीनच, हे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. ‘बायकार्बोनेट’ हे नाव तर सर्वस्वी दिशाभूल करणारे आहे. खाण्याच्या सोड्यात (एनएएचसीओ३) दोन कार्बोनेटे नसतात. तेवढ्याच सोडियमामागे धुण्याच्या सोड्याच्या दुप्पट कार्बॉनिक अम्ल त्यात असते, या जुन्या कल्पनेचा तो अवशेष आहे.

इतिहास : अक्षरचिन्हांची आजची पद्धती यन्स याकॉप बर्झीलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञांनी १८१३–१४ मध्ये प्रसृत केली. प्रत्येक लवण हे धातूचे ऑक्साइड व अधातूचे ऑक्साइड या दोन विरुद्ध विद्युत् घटकांचे बनलेले असते, असे त्यांचे मत होते. त्यानुसार कॅल्शियम सल्फेट म्हणजे चुना (सीएओ) अधिक सल्फर ट्रायऑक्साइड (एसओ३). अणूंची बेरीज बरोबर असल्यामुळे विश्लेषणाच्या आकड्यांवरून हे मत खोडून काढता येत नव्हते. सल्फेट हा स्वतंत्र गट आहे की नाही, हा प्रश्न तराजूने सुटणारा नव्हता.

त्याचे उत्तर विद्युत् प्रवाहाने मिळू लागले. आयन हा शब्द मायकेल फॅराडे यांनी १८३४ मध्ये रूढ केला. त्यानंतर लंडनच्या किंग्ज कॉलेजातील जॉन फ्रेडरिक डॅन्येल यांनी १८३९ मध्ये सोडियम सल्फेटाच्या विद्रावाचे विद्युत् विच्छेदन केले. ऋणाग्राजवळ हायड्रोजन व दाहक सोडा आणि धनाग्राजवळ ऑक्सिजन व सल्फ्यूरिक अम्ल मिळाले. बर्झीलियस यांचे मत खरे मानले, तर एकाच प्रवाहाने पाणीही फोडले व लवणही फोडले, म्हणजे फॅराडे यांच्या नियमाने होणाऱ्या कामाच्या दुप्पट काम केले, असे मानावे लागले असते. प्रवाह लवणाची सोडियम व सल्फेट अशीच फाळणी करतो आणि अग्रांजवळचे बाकीचे पदार्थ नंतरच्या विक्रियांनी तयार होतात, असा निष्कर्ष डॅन्येल यांनी काढला. सल्फेट हा अखंड गट म्हणून विद्रावात प्रवास करतो, याचा हा पहिला भक्कम पुरावा म्हणता येईल. पुढे स्वांटे आरेनियस यांनी १८८७ मध्ये विद्रावातील आयनीभवनाचा सिद्धांत पूर्ण स्वरूपात मांडला. विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१४ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने कॅल्साइटाची संरचना उलगडली, तेव्हा घन स्फटिकातही कार्बनाभोवती तीन ऑक्सिजन अणू एका प्रतलात जखडलेले व कॅल्शियम आयन त्यापासून अलग असे आढळले. सूत्रातील सीओ३ हा गट त्या दिवसापासून प्रत्यक्ष मोजता येणारी वस्तू झाला.

जुनी पद्धती मात्र व्यवहारातून गेलेली नाही. खताच्या पोत्यावरील १०:२६:२६ या आकड्यांपैकी दुसरा फॉस्फरसाच्या ऑक्साइडाचा (पी२ओ५) व तिसरा पोटॅशियमाच्या ऑक्साइडाचा (के२ओ) असतो. पोत्यात या दोहोंपैकी एकही पदार्थ नसतो; फॉस्फेट व पोटॅशियम आयन असतात. मूलद्रव्यांच्या हिशेबाने फॉस्फरस सु. ११·३ टक्के व पोटॅशियम सु. २१·६ टक्के एवढेच भरते. सिमेंटाच्या विश्लेषणातही हीच रूढी चालते.

मर्क्युरस आयन : लघुतम गुणोत्तराचा नियम कोठे थांबवावा, याचे उत्तम उदाहरण पाऱ्याच्या मर्क्युरस लवणांत मिळते. कॅलोमेल या लवणात पारा व क्लोरीन यांचे प्रमाण एकास एक आहे. त्यावरून एचजीसीएल असे सूत्र लिहिता येईल व बराच काळ ते तसेच लिहिले जात होते. पण पाऱ्याचा एकटा अधिक एक भाराचा आयन असता, तर त्यात एक अयुग्मित इलेक्ट्रॉन राहिला असता व लवण समचुंबकीय ठरले असते. प्रत्यक्षात मर्क्युरस लवणे प्रतिचुंबकीय आहेत. अलेक्झांडर ऑग यांनी १८९८ मध्ये विद्युत् घटांच्या साहाय्याने हा प्रश्न तपासला. विद्रावांच्या संहतीत दसपट फरक असताना एकभारी आयनासाठी सु. ५८ मिलिव्होल्ट वर्चोभेद यावयास हवा होता. तो त्याच्या निम्म्याच्या आसपास आला. म्हणजे आयनावर दोन भार होते. पाऱ्याचे दोन अणू एकमेकांशी जोडलेले असून त्या जोडीवर मिळून अधिक दोन भार असतो, हे यावरून सिद्ध झाले. कॅलोमेलाचे सूत्र म्हणून एचजी२सीएल२ असे लिहितात व ते दोनने भागत नाहीत.

या आयनाचा भारतातील संशोधनाशी दोन ठिकाणी संबंध येतो. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रफुल्लचंद्र राय यांना १८९६ मध्ये पारा व थंड विरल नायट्रिक अम्ल यांच्या विक्रियेत पिवळे स्फटिक मिळाले. ते मर्क्युरस नायट्राइट होते. त्याचे आजचे सूत्र एचजी२(एनओ२)२ असे आहे. त्यातील धन व ऋण हे दोन्ही आयन बहुअणवीय असून मर्क्युरस व नायट्राइट यांसारखे दोन चंचल घटक एका स्थिर लवणात टिकून राहतात, हे त्या शोधाचे वैशिष्ट्य होते. पुढे १९२८ मध्ये त्याच शहरात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी प्रकाशाच्या प्रकीर्णनाचा जो परिणाम शोधला, त्याचा उपयोग करून एल. ए. वुडवर्ड यांनी १९३४ मध्ये मर्क्युरस नायट्रेटाच्या विद्रावाचा वर्णपट घेतला. त्यात पारा–पारा बंधाच्या कंपनाची रेषा मिळाली. नायट्रेट आयन किंवा पाणी यांपासून ती रेषा मिळू शकत नाही. विद्रावातही ही जोडी अभंग असते, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होय.

ऑक्सिजनाची अशीच जोडी पेरॉक्साइड मूलकात (ओ२, भार उणे दोन) असते. सोडियम पेरॉक्साइड एनए२ओ२ असेच लिहावयाचे. एनएओ असे नव्हे. बेरियम पेरॉक्साइड (बीएओ२) व लेड डायऑक्साइड (पीबीओ२) ही सूत्रे एकाच साच्याची दिसतात. पण पहिल्यात बेरियमाचा भार अधिक दोन असून विरल सल्फ्यूरिक अम्लाने त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते; दुसऱ्यात शिशाचा ऑक्सिडीभवन अंक अधिक चार असल्याने तसे काही मिळत नाही. नायट्रोजनाच्या बाबतीत नायट्राइड व ॲझाइड यांचा घोटाळा होतो. नायट्राइड हा तीन ऋण भारांचा एकच अणू, तर ॲझाइड हा एका ऋण भाराचा तीन अणूंचा गट. शिशाचे ॲझाइड पीबी(एन३)२ हे सुरुंगाच्या टोप्यांत वापरले गेलेले स्फोटक आहे. अमोनियम नायट्रेटातील दोन नायट्रोजन अणू एकत्र करून सूत्र एन२एच४ओ३ असे का लिहीत नाहीत, हेही आता कळेल : त्यांपैकी एक धन मूलकात व दुसरा ऋण मूलकात असतो आणि एनएच४एनओ३ या सूत्राला तेच सांगावयाचे असते.

जटिल आयन : कंसात काय आहे, या प्रश्नावर कधीकधी जीव अवलंबून असतो. पोटॅशियम सायनाइड (केसीएन) हे अत्यंत जलद विष असून त्याची दोनतीनशे मिग्रॅ. एवढी मात्राही प्रौढ माणसाला प्राणघातक ठरू शकते. पोटॅशियम फेरोसायनाइडात त्याच सायनाइडाचे सहा गट असतात; तरीही ते फारसे विषारी नाही व मिठाचे खडे होऊ नयेत म्हणून अल्प प्रमाणात खाण्याच्या मिठातही घालतात. याचे कारण के४[एफई(सीएन)६] या सूत्रातील चौकोनी कंसात आहे. सायनाइडाचे सहाही गट लोहाच्या अणूला घट्ट बांधलेले असून तो सर्व गट मिळून उणे चार भाराचा एक आयन होतो. विद्रावात सायनाइड आयन जवळजवळ सुटतच नाही आणि लोहही सुटत नाही. त्यामुळे या विद्रावात दाहक सोडा टाकल्यास फेरस लवणांप्रमाणे हायड्रॉक्साइडाचा साका मिळत नाही. अम्लाबरोबर तापविले असता मात्र हे बंधन तुटून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू बाहेर पडतो. कार्ल व्हिल्हेल्म शेले यांनी १७८२ मध्ये प्रशियन निळ्या रंगापासून अम्लाच्या साहाय्याने तो मिळविला होता.

अठराव्या शतकाच्या प्रारंभी बर्लिनमध्ये सापडलेला हा निळा रंगदेखील फेरोसायनाइडच आहे. फेरिक आयनाचा भार अधिक तीन व जटिल आयनाचा उणे चार. बारा या भारावर मेळ बसून एफई४[एफई(सीएन)६]३ असे सूत्र येते. त्याशिवाय प्रत्येक सूत्रामागे सु. १४ ते १६ पाण्याचे रेणू असतात. लोह कंसाच्या आत व बाहेर अशा दोन ठिकाणी व दोन ऑक्सिडीभवन अवस्थांत आहे. नुसती अणूंची बेरीज केली, तर हा भेद लोपतो. ब्राझीलमधील गोइयानिया येथे १९८७ मध्ये किरणोत्सर्गी सिझियमाची बाधा झालेल्या अनेकांना हाच पदार्थ पोटात घेण्यास देण्यात आला होता. त्याच्या जालकात सिझियम आयन अडकतात व विष्ठेवाटे बाहेर पडतात. सायनाइड असलेला पदार्थ औषध म्हणून देता येतो, याचे उत्तर पुन्हा त्या कंसातच आहे.

याच्या उलट केवळ ऋण मूलक बदलल्याने निरुपद्रवी लवण विष ठरल्याचे उदाहरण बेरियमाचे आहे. बेरियम आयन विषारी आहे. परंतु बेरियम सल्फेट (बीएएसओ४) पाण्यात व जठरातील अम्लातही विरघळत नसल्यामुळे अन्नमार्गाचे क्ष-किरण चित्र घेण्यापूर्वी ते रुग्णाला पाजतात. बेरियम कार्बोनेट (बीएसीओ३) हेही पांढरे व पाण्यात अविद्राव्य असले, तरी जठरातील अम्लात ते विरघळते व बेरियम आयन रक्तात जातो. उंदीर मारण्यासाठी त्याचा उपयोग केला जात असे. क्ष-किरण तपासणीसाठी दिलेल्या सल्फेटात कार्बोनेट मिसळलेले असल्यामुळे २००३ मध्ये ब्राझीलमध्ये अनेक रुग्ण दगावले. दोन्ही सूत्रांत भारांचा मेळ अगदी सारखा आहे, एकास एक. फरक आहे तो अम्लाने कार्बोनेट मूलक मोडते व सल्फेट मोडत नाही एवढाच.

दात व हाडे यांतील खनिज द्रव्याचे, म्हणजे हायड्रॉक्सिॲपेटाइटाचे सूत्र सीए५(पीओ४)३ओएच असे लिहितात. पाच कॅल्शियमांचा अधिक दहा भार तीन फॉस्फेटांच्या उणे नऊ व एका हायड्रॉक्साइडाच्या उणे एक भाराने पुरा होतो. हायड्रॉक्साइडाच्या जागी तेवढ्याच भाराचा फ्ल्युओराइड आयन बसू शकतो आणि तसे झालेले खनिज अम्लाला अधिक दाद देत नाही. शरीरातील खनिज मात्र या सूत्राशी काटेकोरपणे जुळत नाही. त्यातील काही फॉस्फेटांच्या जागी कार्बोनेट शिरलेले असते, त्यामुळे भार कमी पडतो व तो भरून काढण्यासाठी कॅल्शियमाच्या काही जागा रिकाम्या राहतात किंवा तेथे सोडियम येते. अशा वेळी सूत्रातील पूर्णांक हे आदर्श स्फटिकाचे असतात. एखाद्या दातातील नेमके प्रमाण विश्लेषणाने ठरवावे लागते.